बालगंधर्वांच्या मैफलीतले आपले लोक

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आंतरशालेय गायन स्पर्धेसाठी आमच्या नववीच्या वर्गातून एका मुलीची निवड झाली. मुलीचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ. मराठीतला 'ळ' आणि उर्दूतला 'क़ाफ़' दोन्ही तिच्या जिभेवर सारखेच बसलेले. स्पर्धेचा विषय होता नाट्यसंगीत. आम्ही तिला बालगंधर्वांनी अजरामर केलेलं एक पद शिकवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी मुलीचे अब्बा शाळेत आले. शहागंजात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माणूस सज्जन, बोलणं हळू. म्हणाले, "सर, हम्द पढाओ, नात पढाओ, हम खुश हैं. पर ये नाटक का गाना तो उनका है. हमारी बच्ची कू कायकू?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. "कला सगळ्यांची असते" असं काहीतरी पुस्तकी बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते गेले, पण प्रश्न मागे राहिला. वीस वर्षं मराठी आणि उर्दू शिकवणाऱ्या मास्तराला एवढं सांगता येऊ नये, याची खंत वाटली. मग दिवाळीच्या सुट्टीत जमवलेली पुस्तकं उघडली, जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. जे हाती आलं ते त्या अब्बांसाठी आणि आपल्या मासिकाच्या वाचकांसाठी इथे मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. संगीत जायज की नाजायज, यावर आपल्या उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. ज्यांच्या घरी गाणं नको असतं, त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. तो मसला सोडवण्याची आमची योग्यता नाही. आमच्यापुढचा प्रश्न इतिहासाचा आहे. मराठी नाट्यसंगीत हे 'त्यांचं' आहे, असं जे आपण धरून चालतो, ते खरं आहे का?

शाकुंतलाच्या आधीची इंद्रसभा

बालगंधर्व ज्या रंगभूमीवर मोठे झाले, तिचा पाया ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात घातला गेला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्या दिवशी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. मराठी नाटक त्याआधीही होतं. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं होतं. पण त्यात गाणं सूत्रधाराच्या तोंडी असे. पात्रांनीच गावं आणि पात्रांनीच बोलावं, ही रीत किर्लोस्करांनी रुळवली.

ही कल्पना त्यांना कशी सुचली, हे नाट्येतिहासाच्या पुस्तकांत नमूद आहे. पुण्यात आलेल्या एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ त्यांनी पाहिला आणि असं संगीत नाटक मराठीत का होऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. ही 'इंद्रसभा', म्हणजे उर्दूतली 'इंदर सभा', लिहिली होती लखनौच्या आगा हसन 'अमानत' यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, नवाबी लखनौच्या शेवटच्या दिवसांत. गझल, ठुमरी, होरी यांनी भरलेलं ते नाटक. पारशी कंपन्यांनी ते देशभर फिरवलं.

म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या उंबरठ्यावरच उर्दू उभी आहे. कथानक कालिदासाचं, भाषा मराठी, आणि पात्रांनी गात गात नाटक पुढे न्यायचं ही प्रेरणा लखनौच्या एका शायराच्या नाटकातून आलेली. उर्दूच्या वर्गात आम्ही 'अमानत' शिकवतो, मराठीच्या वर्गात किर्लोस्कर. दोघांची ही गाठ मात्र आम्ही मुलांना कधी दाखवली नव्हती.

नारायण राजहंस

बालगंधर्वांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. लहानपणीच त्यांचा गळा लोकांच्या नजरेत भरला. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याला 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. पुढे खऱ्या नावापेक्षा हेच नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं.

या मुलाला गाण्याचे पहिले धडे मिळाले ते जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे. या उस्तादांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. पण पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेणाऱ्या मास्तराचं मोल काय असतं, हे आम्हा शिक्षकांना वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा आधार मिळाला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचा. नारायणाच्या कानात दोष होता. महाराजांनी मिरजेच्या मिशन दवाखान्यात त्याच्यावर उपचार करवले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीकडे त्याची शिफारस केली. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून काढणारा गायक नट मंडळीला मिळत नव्हता. १९०५ साली नारायण मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला.

शाहू महाराजांचं नाव आपल्या समाजाला वेगळ्या कारणानेही जवळचं आहे. १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्याच दरबारात जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ गवई होते. ज्या राजाने खाँसाहेबांना आसरा दिला, आपल्या पोरांना शाळेची वाट दाखवली, त्याच राजाने नारायण राजहंसाचा कान बरा करून त्याला रंगमंचावर पाठवलं. तिन्ही कामं त्या एकाच माणसाला सारखीच जरुरीची वाटली.

मिरजेचीही आठवण इथे काढली पाहिजे. त्या गावातले शिकलगार पूर्वी हत्यारं घडवत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सतारी व तंबोरे घडवायला सुरुवात केली. आजही देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुराला आधार देणारं वाद्यही आपल्याच कारागिरांच्या हातचं.

पुरुषाने स्त्री होणं

बालगंधर्वांची सारी कीर्ती स्त्रीभूमिकांवर उभी आहे. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू, कान्होपात्रा. इथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न येणार, आणि तो योग्यच आहे. पुरुषाने स्त्रीचा वेश घेण्यास हदीस शरीफात मनाई आहे. हे आम्ही लपवत नाही आणि त्याचं समर्थनही करत नाही. मात्र तो काळ समजून घेतला पाहिजे. घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवणं तेव्हा कोणत्याच समाजाला मान्य नव्हतं. म्हणून नाटक मंडळ्या स्त्रीपार्ट करण्यासाठी मुलगेच निवडत.

बालगंधर्वांनी या कामात जी नजाकत आणली तिचा परिणाम असा झाला की, घराघरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखी केशरचना करू लागल्या. त्यांच्या भूमिकांत उथळपणा नसे. पतीच्या दुःखाने खचलेली, तरी अदब न सोडणारी बाई ते अशी उभी करत की, प्रेक्षागृहातल्या बायका पदराने डोळे पुसत.

कामावरची त्यांची निष्ठा सांगणारी एक घटना आहे. १२ मार्च १९११. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असं सगळ्यांनी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. प्रेक्षकांना दिलेला शब्द पाळायचा म्हणून हा बाप तोंडाला रंग लावून उभा राहिला आणि हसरी भामिनी रंगवून गेला. हे बरोबर की चूक, यावर घरात चर्चा होऊ शकते. आमच्या घरी झाली. आमच्या बेगम म्हणाल्या, "त्या मुलीच्या आईचं काय झालं असेल त्या रात्री?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

भास्करबुवांच्या मागे तीन खाँसाहेब

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली या मंडळीने खाडिलकरांचं 'स्वयंवर' आणलं. नाट्यसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात तो या नाटकापासून मोजणारे अनेक रसिक आहेत. त्याच्या चाली दिल्या होत्या भास्करबुवा बखले यांनी. बालगंधर्व त्यांना गुरू मानत.

आता हे भास्करबुवा कुणाचे शागीर्द? बडोद्याला ते फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकले. मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे. पुढे अल्लादिया खाँ यांच्याकडे. उस्तादांच्या घरी राहून, त्यांची सेवा करून, एकेक चीज मिळवण्याचे ते दिवस होते. भास्करबुवांनी तीन घराण्यांची विद्या अशी गोळा केली आणि 'स्वयंवर'च्या पदांत ओतली. ख्यालाच्या बंदिशी आणि ठुमरीच्या चाली मराठी शब्द लेवून रंगमंचावर आल्या. ज्या प्रेक्षकाने कधी दरबारी मैफल पाहिली नव्हती, तो चार आण्यांच्या जागेवर बसून भीमपलास, यमन, भूप ऐकू लागला.

म्हणून बालगंधर्वांचं एखादं पद आपण ऐकतो, तेव्हा त्या चालीमागे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांची तालीम उभी असते. त्यांची नावं नाटकाच्या जाहिरातीत छापलेली नव्हती, म्हणून आपणही ती विसरलो.

तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष

काही नावं मात्र जाहिरातीत नसली तरी प्रेक्षकांना पाठ होती. त्यात पहिलं नाव उस्ताद अहमदजान थिरकवा यांचं. हे मूळचे मुरादाबादचे. मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे त्यांनी तबल्याची तालीम घेतली. बोटं तबल्यावर अशी नाचत की 'थिरकवा' हे नावच पडलं. थिरकणं म्हणजे तालात डोलणं, नाचणं. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी कित्येक वर्षं तबला वाजवला. सारंगीवर कादरबक्ष असत.

नाटकातली साथ ही मैफलीच्या साथीहून अवघड. मैफलीत गवई आणि तबलजी समोरासमोर बसतात, नजरेने बोलतात. नाटकात नट रंगमंचावर भूमिकेत गुंतलेला असतो, चालतो, वळतो, रडतो. साथीदार खाली रंगमंचापुढे बसलेले. शब्दाचा भाव बिघडू न देता लय धरून ठेवायची. त्यात बालगंधर्वांची लयीशी खेळण्याची तऱ्हा अशी की, समेवर ते कुठून आणि कसे येतील याचा नेम नसे. शिवाय प्रेक्षकांचा 'वन्स मोअर'. एकेक पद दोन-तीन वेळा म्हणावं लागे आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. तितका वेळ थिरकवा साहेबांचा हात आणि कादरबक्षांचा गज थकून चालत नसे.

त्याच काळात अनेक ठिकाणी सारंगी मागे पडून पेटी आणि ऑर्गन पुढे येत होते. गंधर्व मंडळीतही ऑर्गन होता. पण गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारी सारंगी बालगंधर्वांनी सोडली नाही. थिरकवा साहेब पुढे रामपूर दरबारात आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयात गेले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७६ साली त्यांचं निधन झालं. आज जगभर जिथे तबला शिकवला जातो तिथे हे नाव अदबीने घेतलं जातं. त्यांचा हात कित्येक वर्षं मराठी नाटकासाठी राबला, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

शालू, अत्तर आणि कर्ज

बालगंधर्वांच्या आयुष्यात इब्रत घेण्याजोगी गोष्टही आहे. रंगमंचावर काहीही खोटं नको, हा त्यांचा हट्ट. शालू खरे, दागिने उंची, पडदे मखमली, आणि प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट. मंडळीत माणसांचा राबता मोठा, जेवणावळी रोजच्या. हिशेब मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. टेंबे आणि बोडस काही वर्षांत बाहेर पडले. १९२१ च्या सुमारास उघड झालं की मंडळी मोठ्या कर्जात बुडाली आहे.

मदत करायला लोक तयार होते. बालगंधर्वांनी दान घेतलं नाही. गावोगाव प्रयोग करून, पुढची कित्येक वर्षं राबून त्यांनी ते कर्ज फेडलं. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे आणि कर्ज फेडण्याची ताकीदही तितकीच कडक आहे. या एकाच माणसाच्या आयुष्यात पहिल्या गोष्टीचा धोका दिसतो आणि दुसऱ्या गोष्टीचा मान राखलेलाही दिसतो. लग्नाच्या मांडवासाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या घरांनी दोन्ही लक्षात ठेवावं.

त्याच काळातलं, १९१९ सालचं नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. दारूच्या एका प्याल्यापासून सुरू होऊन सुखी संसार कसा मातीत जातो, याची ती कहाणी. दारूने बरबाद झालेल्या सुधाकराची पत्नी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. जरीच्या शालूंसाठी नावाजलेला हा नट त्या भूमिकेत साध्या, जुनेऱ्या लुगड्यात येई. शराब हराम का आहे हे मुलांना समजावताना आम्ही मराठीच्या तासाला या नाटकाचा दाखला देत आलो आहोत, आणि मुलं कान देऊन ऐकतात.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एक प्रयोग झाला, त्याची आठवण अजून काढली जाते. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि त्यांचे प्रतिस्पर्धी समजले जाणारे केशवराव भोसले एकत्र आले. संयुक्त 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. खिलाफत आणि असहकार या दोन चळवळी देशात हातात हात घालून चालल्या होत्या, तेच हे वर्ष. एकमेकांची बरोबरी करणारे दोन कलावंत देशाच्या कामासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले.

पैठणच्या एकनाथांची भूमिका

१९३५ साली बालगंधर्व चित्रपटात आले. प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'धर्मात्मा'. आधी नाव 'महात्मा' होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजींचा संदर्भ दिसला, म्हणून ते बदलावं लागलं. यात बालगंधर्वांनी आयुष्यभराचा स्त्रीवेश बाजूला ठेवून संत एकनाथांची भूमिका केली.

एकनाथ म्हणजे आपल्या पैठणचे. आपल्या शहरातून तासाभराच्या वाटेवर. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर होते, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, असं परंपरा सांगते. एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघं कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना समजून घेतात. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातलं नाट्यगृहही संत एकनाथांच्याच नावाचं आहे. आपली मुलं तिथे कार्यक्रमांना जातात. बालगंधर्वांचा पहिला चित्रपट आपल्या मातीतल्या माणसावर होता, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

गोहरबाई

आता त्या विषयाकडे येतो ज्याच्यासाठी हा लेख लिहिणं आम्हाला जरुरीचं वाटलं.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस बालगंधर्वांच्या नाटकांत गोहरबाई कर्नाटकी आल्या. कलकत्त्याच्या प्रसिद्ध गायिका गौहर जान वेगळ्या. या गोहरबाई विजापूरकडच्या बिळगी गावच्या. 'किस्मत' चित्रपटातल्या गाण्यांनी देशभर गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या बहीण. दोघींचाही गळा असा की ऐकणारा थांबावा. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली होती की त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत तीच तऱ्हा ऐकू येई. कन्नड मुलखात वाढलेली एक मुसलमान मुलगी मराठी नाट्यपदं अस्सल मराठी उच्चारांत गात होती.

रंगमंचावर बायका येऊ लागल्या होत्या. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर आधीच नाटकांत उतरल्या होत्या आणि त्यांना मान मिळाला होता. गोहरबाईंच्या वाट्याला मात्र बोल आले. या बाईने बालगंधर्वांना नादी लावलं, या बाईमुळे त्यांचं वैभव गेलं, असं लोक म्हणत आणि वर्षानुवर्षं म्हणत राहिले.

आम्ही तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मंडळी कर्जात बुडाल्याचं उघड झालं १९२१ च्या सुमारास. बोलपट आले १९३० नंतर आणि त्यांनी सगळ्याच नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला. बालगंधर्व स्वतः चित्रपटात गेले १९३५ साली. गोहरबाई आल्या त्यानंतर. उधळपट्टीचे दिवस, बुडालेला हिशेब आणि बोलपटाचा फटका हे सगळं त्यांच्या येण्याआधीच घडून गेलं होतं. जे वैभव त्यांनी पाहिलंच नाही, ते घालवल्याचा आरोप त्यांच्यावर आला.

त्या नात्यामुळे लक्ष्मीबाईंना, बालगंधर्वांच्या पहिल्या पत्नीला, दुःख झालं नसेल असं आम्ही म्हणणार नाही. तो त्या घरातला प्रश्न होता आणि त्या माउलीची तक्रार खरीच असणार. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९५१ साली, बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. पुढे बालगंधर्वांचे पाय अधू झाले. शालू, अत्तर आणि गर्दी मागे पडली. ज्यांच्या एका झलकेसाठी मुंबई-पुण्यात झुंबड उडे, त्या माणसाला उठवून बसवण्यासाठी दुसऱ्याचा हात लागू लागला. त्या दिवसांत सोबतीला होत्या त्या गोहरबाई. वैभवाच्या लोभाने आलेलं माणूस अशा वेळी थांबत नाही.

१९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ साली पद्मभूषण बालगंधर्वांना मिळाले. पद्मभूषण मिळालं त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात वारले. १९६८ साली पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. २०११ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि नवी पिढीही त्यांना ओळखू लागली. गोहरबाईंचं नाव मात्र अजूनही बहुतेक वेळा कुजबुजीतच निघतं. आपल्या घरांतही ते निघत नाही, कारण नाटकात काम करणारी बाई म्हणून आपणही त्यांना दूर ठेवलं. एका बाजूने 'परकी' म्हटलं, दुसऱ्या बाजूने 'आपली नाही' म्हटलं. या मरहूम बाईवर अल्लाह रहम करो.

पुन्हा शहागंजात

एवढं वाचून झाल्यावर एका संध्याकाळी, मगरिबनंतर, आम्ही शहागंजातल्या त्या दुकानात गेलो. अब्बा डोळ्याला भिंग लावून एक जुनं घड्याळ उघडून बसले होते. आम्ही काही भाषण दिलं नाही. मेहबूब खाँ, नत्थन खाँ, थिरकवा साहेब, कादरबक्ष आणि गोहरबाई, एवढी नावं आणि कोण कुठलं ते सांगितलं. ते ऐकत राहिले. मग भिंग काढून म्हणाले, "इत्ते लोगां थे? हमें किसीने बतायाच नै."

त्यांचं म्हणणं आम्हालाच लागलं. सांगायचं काम आमचं होतं. आम्ही वर्गात कवी आणि नाटककार शिकवले, त्यांच्या जन्मतारखा पाठ करून घेतल्या, पण साथीला बसलेल्यांची नावं घेतली नाहीत. ज्यांनी नावं लपवली त्यांच्याबद्दल तक्रार करणं सोपं आहे. आपण स्वतः ती विसरलो, याची तक्रार कुणाकडे करायची?

मुलगी स्पर्धेत गायली. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पहिलं नाही. एका तानेला घाईत ती सम चुकली. तिचे अब्बा मागच्या रांगेत बसले होते. कार्यक्रमानंतर आम्हाला भेटले आणि म्हणाले, "सर, बच्ची ने ताल छोड दिया एक जगह. थिरकवा साहब की कोई रिकार्ड मिलती क्या? घर पे सुनाते उसकू."

ध्वनिमुद्रिका आम्ही त्यांना मोबाईलवर पाठवली आहे. वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती की, आपल्या घरी एखादा आजोबा, एखादी नानी अजून असेल, तर त्यांना विचारा. कुणाच्या घरातलं कोण तबला वाजवत होतं, कोण सारंगी, कोण नाटक मंडळीत पडदे रंगवत होतं, कोण तंबोरे घडवत होतं. ते ऐका आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी एखादं मूल 'हे त्यांचं' म्हणेल, तेव्हा दाखवायला तेवढं तरी आपल्या हाताशी असेल.